वाचकांचे प्रश्न : दुखरी टाच, कुरूप आणि रुतणारे नख

प्रश्न : सकाळी उठून पहिले पाऊल टेकताच माझ्या टाचेत असह्य कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते, पण बराच वेळ बसून उठले की पुन्हा सुरू होते. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढल्याचे दिसले आहे. ते काढावे लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. आपण वर्णन केलेली लक्षणे प्लांटर फॅसायटिस या विकाराशी जुळतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो आणि पावलाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्यावर दीर्घकाळ जास्त ताण पडत राहिला, की जिथे तो टाचेच्या हाडाला जोडलेला असतो तिथे त्याची झीज होऊ लागते. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहिल्याने हा पट्टा आखडतो आणि उठल्यावर शरीराचा भार पडताच एकदम ताणला जातो. सकाळची कळ असते ती ही. एक्स-रेमध्ये दिसणारे हाडाचे टोक टाच कधीच न दुखलेल्या अनेक माणसांतही आढळते, त्यामुळे केवळ ते दिसले म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करू नये.

पोडिॲट्रिस्ट, म्हणजे पावलांच्या विकारांचे तज्ज्ञ, अशा वेळी फक्त टाच दाबून थांबत नाहीत. घोटा वरच्या दिशेने किती वळतो, पोटरीचे स्नायू आखडले आहेत का, चालताना पाऊल आतल्या बाजूला कलते का आणि वापरातल्या पादत्राणाचा तळ नेमका कुठे झिजला आहे, हे सारे ते पाहतात, कारण दुखते टाच असली तरी ताणाचे मूळ पुष्कळदा पोटरीत किंवा चालण्यात असते. उपचारांचा कणा म्हणजे ताणाचे व्यायाम. अंथरुणातच पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून 10 सेकंद धरावीत आणि असे 10 वेळा करावे. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. याच्या जोडीला कमानीला आधार देणारा इन्सोल (पादत्राणाच्या आत बसवायचा तळ) आणि टाचेखाली पुरेशी गादी असलेले पादत्राण घरातही वापरावे. गरज भासल्यास रात्री पाऊल काटकोनात ठेवणारा स्प्लिंट किंवा शॉकवेव्ह, म्हणजे दुखऱ्या जागी दाबलहरी सोडण्याचा उपचार, सुचवले जातात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण तो बहुधा तात्पुरता असतो. शिवाय वारंवार इंजेक्शने घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो, म्हणून माझ्या मते सुरुवातीलाच इंजेक्शनचा आग्रह धरू नये. बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरी होते. मात्र व्यायाम आठवडाभर करून सोडून देण्याने काहीही साधत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. तळव्यावरचे कुरूप ते स्वतः ब्लेडने तासतात आणि अजिबात दुखत नाही, असे म्हणतात. त्याऐवजी औषधी पट्टी लावावी का?

उत्तर : कृपया ब्लेड आजपासूनच बंद करावे आणि पट्टीही लावू नये. कुरुपावरच्या बहुतेक पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असते, आणि ते कुरुपाबरोबरच शेजारची निरोगी त्वचाही जाळू शकते. मला अधिक चिंता वाटते ती ‘दुखत नाही’ या शब्दांची. दीर्घकाळच्या मधुमेहाने पावलांच्या नसा बधिर होतात, आणि मग खडा टोचला, चटका बसला किंवा जखम झाली तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठाही कमी झालेला असेल, तर लहानशी जखम चिघळून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

पोडिॲट्रिस्ट प्रथम 10 ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासतात आणि पावलावरच्या नाड्या चाचपतात. त्यानंतर निर्जंतुक पात्याने कठीण त्वचा थराथराने काढली जाते. तिच्याखाली रक्ताचा काळसर डाग दिसला, तर आत व्रण दडलेला असण्याची शक्यता असते. तरीही फक्त तासून भागत नाही. ज्या दाबामुळे कुरूप झाले तो कायम राहिला, तर ते पुन्हा वाढते. म्हणून इन्सोल किंवा खास पादत्राणे देऊन त्या जागेवरचा भार इतरत्र वळवला जातो. वडिलांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज कोणीतरी पाहाव्यात. पाऊल अचानक सुजून गरम लागले, तर ते दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण शार्को फूट या विकारात हाडे आतल्या आत मोडत असतात.

प्रश्न : अंगठ्याचे नख कडेला मांसात रुतून वारंवार पू होतो. संपूर्ण नख काढणे हाच उपाय आहे का?

उत्तर : संपूर्ण नख काढण्याची गरज क्वचितच पडते. अंगठ्याच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देऊन नखाची फक्त रुतणारी कड काढली जाते, आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून तिथल्या मुळाला फिनॉल हे मूळ जाळणारे रसायन लावले जाते. मधल्या काळात नखाचे कोपरे खोलवर गोलाकार कापू नयेत, नख सरळ कापावे. कोपऱ्यात राहिलेली अणकुचीदार कपचीच पुढे मांसात शिरते.

प्रश्न : अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला असून त्याच्या मुळाशी हाड पुढे आले आहे. रात्री पट्टा बांधल्याने तो सरळ होईल का?

उत्तर : प्रौढ वयात पट्ट्याने हाडाची ठेवण कायमची बदलत नाही, बांधलेला असेपर्यंत थोडा आराम मिळतो, इतकेच. पुढून रुंद आणि मऊ पादत्राण, तसेच पुढे आलेल्या भागावर गादी, एवढ्याने वेदना आटोक्यात राहत असतील, तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. ती दिसण्यासाठी नव्हे, तर वेदनेमुळे चालणे अवघड झाले असेल तेव्हाच करावी. हाड कापून सरळ बसवल्यानंतर ते जुळायला काही आठवडे लागतात आणि पावलाची सूज पूर्ण उतरायला कित्येक महिनेही जातात.