संभाजीनगरात एकच रात्र, सकाळी वेरूळ: काय पाहावं, काय खावं?

आधी बीबी का मकबरा, मग जुन्या शहरात नान-खलिया (तंदूरी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा), हाच क्रम ठेवा. मकबरा अंधार पडल्यावरही काही वेळ उघडा असतो, पण तिकीट खिडकी आधी बंद होते, म्हणून वेळेत पोचा. दिव्यांच्या उजेडात संगमरवर आणि चुन्याचा गिलावा यांतला फरक लपतो. तो पाहायचा तर दिवसाच जावं लागेल. तिथून रिक्षाने बुढी लाईन किंवा रोशन गेट. भाडं बसण्याआधीच ठरवा, मीटरच्या भरवशावर राहू नका. खलिया मोठ्या डेगेत एकदाच शिजतो आणि उशिरा गेलात तर तळाचा, खारटलेला वाट्याला येतो. नान मात्र तंदूरमधून गरमच मागा, गार झाला की चिवट होतो. ‘तर्री कमी’ म्हटलं तर तेल बाजूला सारून वाढतात. शाकाहारी असाल तर सरळ गुलमंडी, नंतर उस्मानपुऱ्यात ‘तारा पान’ या दुकानाचं पान.

रमजानमध्ये हे वेळापत्रक उलटतं: खरी गर्दी तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची खास नमाज), ती थेट सहेरीपर्यंत (रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं). तेव्हा गाडी शहागंजच्या गल्लीत घालूच नका. आणि उद्या मंगळवार असेल तर वेरूळच्या लेण्या बंद.