चौदा वर्षे बंद असलेल्या घरात राहायला जाण्यापूर्वी

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर सासूबाईंच्या निधनानंतर १४ वर्षे बंद आहे. भिंती मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या असून वर मंगलोरी कौले आहेत. यजमान मार्चअखेर निवृत्त होत आहेत आणि गणपतीपूर्वी आम्हाला तेथे कायमचे राहायला जायचे आहे. दिवाळीत जाऊन पाहिले, तेव्हा मागच्या पडवीचे छप्पर खचलेले, माजघराच्या भिंतीला खालून ओल आलेली आणि एका चौकटीला वाळवी लागलेली दिसली. कौले उतरवून स्लॅब घालावा, आत-बाहेर सिमेंटचा गिलावा करावा आणि फरशी बसवावी, म्हणजे तीन महिन्यांत घर नवे होईल, असे ठेकेदार सांगतात. तसे करावे का? सुरुवात कशापासून करावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्लॅब घालू नये, हे आधीच स्पष्टपणे लिहितो. आपल्या भिंतींनी आजवर कौलारू छपराचाच भार पेलला आहे. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते, म्हणजे कौले, रिपा आणि वासे यांच्या एकत्रित वजनाच्या कितीतरी पट. मातीतल्या बांधकामावर हा बोजा टाकणे धोक्याचे आहे. आणि तो पेलण्यासाठी स्वतंत्र कॉलम उभे करायचे म्हटले, तर ती दुरुस्ती न राहता नवे बांधकामच होते.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दलही माझे मत तितकेच ठाम आहे. आपला चिरा ज्यातून कापतात, तो जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो जोत्यातून पाणी शोषतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ते हवेत सोडतो. माती आणि चुना यांतून ही ओल बाहेर पडू शकते, सिमेंटच्या घट्ट थरातून ती पडत नाही. त्यामुळे आत कोंडलेले पाणी भिंतीत वर वर चढत जाते. दापोलीजवळच्या एका घरात, असा गिलावा केल्यानंतर दोनच पावसाळ्यांनी मला बोलावले होते. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकले, तर ती जागोजागी पोकळ वाजत होती, आणि थापीने कोपरा उचकटताच हातभर लांबीचा पापुद्रा निखळून मागच्या दर्जांमधली, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांमधली, माती ओल्या पिठासारखी खाली ओघळली. त्या बाईंनी त्यात आयुष्यभराची शिल्लक घातली होती. तशी वेळ आपल्यावर येऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

त्याऐवजी पोकळ झालेल्या दर्जा खरवडून त्या चुन्याने भराव्यात, आणि आतून गिलावा हवाच असेल, तर चांगल्या मुरलेल्या चुन्याचा एक भाग व चाळलेल्या रेतीचे तीन भाग, अशा प्रमाणात तो करावा. चुन्याला घाई चालत नाही. सुरुवातीचे काही दिवस तो ओलसर आणि कडक उन्हापासून आडोशाला ठेवावा लागतो. या कामाचा हात असलेले गवंडी आता थोडे उरले आहेत, म्हणून आधी एका कोनाड्यापुरते काम करवून घ्यावे आणि ते पाहूनच पुढचे सोपवावे. बाहेरून चिरा उघडा ठेवला तरी चालतो. कापून हवेत आल्यावर तो अधिक टणक होत जातो, त्यामुळे त्याला झाकण्याची घाई नको.

सुरुवात मात्र भिंतीपासून नव्हे, छपरापासून करावी, कारण वरून पाणी येत असताना खाली केलेला प्रत्येक खर्च वाया जातो. प्रथम घरावर आलेल्या फांद्या तोडाव्यात. मग सगळी कौले उतरवून, शेवाळ घासून, ठोकल्यावर खणखणीत वाजणारी तेवढी वेगळी काढावीत. छप्पर उघडे असतानाच आढे, वासे आणि वळचणीकडील रिपा तपासून घ्याव्यात: पेचकसाचे टोक लाकडात सहज रुतले, तर तो तुकडा बदलण्यालाच आला. खचलेल्या पडवीत बहुधा वाशाचे भिंतीत रुतलेले टोकच कुजलेले निघेल. हे काम शिमग्याच्या आत संपवावे, म्हणजे भिंतींना सुकायला उन्हाळा मिळेल.

माजघराच्या ओलीचे कारण घराच्या आत शोधू नये. १४ वर्षांत पालापाचोळा कुजून आणि दरडीची माती वाहून येऊन मागच्या बाजूची जमीन जोत्याच्या वर चढली असण्याची शक्यता फार मोठी आहे. ती माती जोत्याचा खालचा थर दिसेपर्यंत उपसावी, पागोळ्या पडतात तेथे चर खणावा आणि पाणी उताराकडे काढून द्यावे. मी पाहिलेल्या कित्येक घरांत महागड्या रसायनांनी जे साधले नाही, ते या कुदळ-फावड्याच्या कामाने साधले आहे.

वाळवी जिवंत आहे की जुनी, हे कळण्यासाठी भिंतीवरची मातीची नळी बोटभर मोडून तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावी; मोडलेला भाग ओल्या मातीने लिंपलेला दिसला, तर ती घरात आहे. नुसती चौकट बदलून ती जात नाही, कारण तिचे वारूळ जमिनीत असते; म्हणून भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत साधारण फुटाफुटावर भोके पाडून जाणकार माणसाकडून औषध भरून घ्यावे, आणि हे नवी फरशी बसवण्याच्या आधी व्हावे. नवी चौकट जुन्या फणसाची किंवा सागाची मिळाली, तर उत्तमच.

विजेच्या जुन्या तारा सगळ्या काढून टाकाव्यात, नवे अर्थिंग करावे आणि गळणारा प्रवाह ३० मिलिअँपियरवर तोडणारा स्विच बसवावा. ओलसर घरात यावर काटकसर करू नये. घर सामायिक असेल, तर खर्चाला हात घालण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी आणि ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

गणपतीपूर्वी राहायला जाणे शक्य आहे, पण रंगरंगोटीविना. पहिल्या मोठ्या पावसात दोन रात्री तेथे मुक्काम करून, विजेरी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरावे आणि जेथे थेंब पडेल तेथे जमिनीवर खडूने खूण करावी. उघडीप मिळताच नेमके त्याच जागेवरचे कौल सरकवता येते. त्यासाठी उतरवलेल्या चांगल्या कौलांपैकी पन्नासेक पडवीत रचून ठेवावीत, कारण दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुन्या कौलात नीट बसेलच असे नाही.