"मॅडम, मी अकरा वर्षं एमआर होतो"

गेल्या महिन्यात तीन आयांनी एकच प्रश्न विचारला, पोराला एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार, त्या त्रासाची) गोळी चालू करायची का, की हा सगळा औषध कंपन्यांचा धंदाय? असं कुणी विचारलं की मला समुपदेशनाला आलेले एक बाबा आठवतात, एकेकाळचे एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे औषध कंपनीचे प्रतिनिधी (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय).

पोरगा चौथीत. डोक्यानं तल्लख, पण वहीत तारीख टाकली की पुढं पान कोरं, कंपास दर आठवड्याला नवा, शाळेतून सारखे फोन. तपासण्या होऊन निदान झालेलं, डॉक्टरांनी मिथिलफेनिडेट लिहून दिलेली, आणि ती चिठ्ठी दोन महिने फ्रिजवर मॅग्नेटखाली तशीच. आई म्हणे देऊन बघू, बाबा म्हणे नाही म्हणजे नाही. खुर्चीत टेकले आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, मी अकरा वर्षं एमआर होतो, बॅग घेऊन फिरलोय. कुठल्या डॉक्टरला काय दिलं की काय लिहितो, ते मला नका शिकवू."

आता यावर काय बोलणार, माणूस स्वतःचं बघितलेलं सांगत होता. मीच भर घातली. अमेरिकेत शायर नावाच्या कंपनीनं 2014 मध्ये 5 कोटी 65 लाख डॉलर भरून सरकारशी प्रकरण मिटवलं, आरोप काय तर त्यांचे लोक एडीएचडीच्या गोळीनं पोरं अगदी चारचौघांसारखी होतात, नोकरी जायची नाही, अपघात टळतील, असलं काय काय सांगत फिरायचे. बाबा हसले, "एवढं तर आम्हीपण नव्हतो फेकत."

मग म्हटलं, आता दुसरी बाजू ऐका. मिथिलफेनिडेट 1944 चं औषध, मूळ पेटंट कधीच संपलंय. त्यावरचा एक मोठा अभ्यास मुख्यतः अमेरिकन सरकारच्या पैशातून झाला, 579 मुलं, 1999 ला छापून आला, आणि 14 महिन्यांनी नीट लक्ष ठेवून दिलेल्या गोळीचा लक्षणांवर फायदा स्पष्ट दिसला. तीन वर्षांनी परत बघितलं तर सुरुवातीला गोळी दिलेली मुलं आणि बाकीच्या गटांतली मुलं यांच्यातला तो फरक उरला नव्हता, हेपण त्यांनीच छापलं. बॅगवाला हा शेवटचा भाग सांगेल का? तेव्हा कुठं ते जरा पुढं सरकून बसले.

मी समुपदेशक, गोळी द्या किंवा नका देऊ हे सांगणं माझं काम नाही. एवढंच म्हटलं, कंपनीवर विश्वास ठेवूच नका, पण तुम्ही रोज डीसीआर, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींचा रोजचा अहवाल, भरायचात ना, तसा पोराचा भरा.

डॉक्टरांनी वजन, बीपी बघून छोट्या डोसवर सुरुवात केली आणि बाबांनी खरंच वही घातली. एक पान मला पाठ झालंय. "रविवार. 8.10 गोळी. 8.50 मराठीची सात वाक्यं, न उठता. 12.30 चिडचिड, रडला. जेवण अर्धी पोळी." सात वाक्यं या शब्दांखाली दोन रेघा. महिनाभरात वजन 700 ग्रॅम उतरलं, आईचा जीव खालीवर, बाबांचं "बघा, म्हटलं नव्हतं?" वही घेऊन दोघं डॉक्टरांकडे गेले, डोस कमी झाला, सकाळी गोळीच्या आधी थालीपीठ लोण्यासकट आणि संध्याकाळी असर उतरला की वरणभात असं बसवलं, तेव्हा वजन थांबलं. चिडचिड मात्र पूर्ण गेली नाही.

पुढं डॉक्टरांनी जास्त वेळ चालणारी गोळी सुचवली तर यांनी तिथंच विचारलं, कुठल्या कंपनीची, कितीला, आणि तुमच्याकडे त्यांचं कोण येतं. डॉक्टर जरा चमकले म्हणे, मग म्हणाले, साधी गोळी बाराला उतरते, शाळा दोनला सुटते, मधे शाळेत गोळी द्यायला कुणी तयार नाही, महिनाभर बघू, फरक नाही पडला तर परत जुनीच.

वहीत त्या दिवसाची नोंद आहे. "कारण पटलं. किंमत नाही पटली."