लहानपणी खेळलेले व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळले तर तीच मजा येते का?

तुम्ही विचारलंय, की लहानपणी जीव टाकून खेळलेले गेम इतक्या वर्षांनी पुन्हा काढावेत, की आठवण आहे तीच बरी, हात लावला की नासते. माझ्यापुरतं सांगते. काही खेळांत मजा येते, काहींत अजिबात येत नाही, आणि कुठल्या खेळात येईल याचा माझा अंदाज साफ चुकला. ज्या कॉन्ट्रापायी, म्हणजे गोळीबाराच्या खेळापायी, मी बोलणी खाल्ली तो एका दुपारी संपवला आणि कोरडी ठणठणीत उठले. ज्याला मी फालतू म्हणायचे त्या रणगाड्यांच्या खेळाने मात्र रात्री दोनपर्यंत जागवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही दोघं भावंडं, मी धाकटी. म्हणजे दुसरा रिमोट कायम माझा. ज्यांनी टीव्हीला जोडायचं, कॅसेट घालून खेळायचं ते यंत्र हाताळलंय त्यांना यातलं दुःख कळेल. निन्टेंडो या जपानी कंपनीचं मूळ यंत्र, फॅमिकॉम, १९८३ साली आलं तेव्हापासूनच दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नव्हती. त्या जागी छोटा मायक्रोफोन होता. आमच्याकडचं यंत्र त्याची नक्कल. नक्कल करणाऱ्याने मायक्रोफोन गाळला, पण बटणांची कंजूषी तेवढी इमानाने उतरवली. त्यामुळे खेळ सुरू करणं दादाच्या हातात, थांबवणं दादाच्या हातात, कॉन्ट्रात तीस जीव मिळवायला बटणं ठरल्या क्रमाने दाबायचा तो वर-वर-खाली-खालीचा मंत्रही दादाच्याच रिमोटवरून. हा मंत्र खरं तर काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरची सोय होती. १९८६ साली ग्रॅडियस नावाचा दुसराच एक खेळ घरच्या यंत्रावर आणताना त्याला स्वतःलाच तो खेळ झेपेना, म्हणून तपासणीपुरता त्याने तो घातला आणि काढायचा राहून गेला. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. बनवणाऱ्याचीही आमच्यासारखीच गत होती तर.

दोनेक वर्षांपूर्वी माळा आवरताना ते यंत्र सापडलं. अडॅप्टर मेलेला. म्हणून आधी एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामवर, खेळून पाहिलं. मोठा सपाट टीव्ही, नवा रिमोट, मारिओ. आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. चौथ्यांदा पडल्यावर मनाशी म्हटलं, झालं, वय झालं.

वयाचा दोष थोडाच होता, बराचसा टीव्हीचा निघाला. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत सिग्नल येईल तसतशी ओळीमागून ओळ पडद्यावर उमटत जायची, अख्खा पडदा सेकंदाला पन्नास-साठ वेळा. मध्ये विचार करणारं कुणी नव्हतं. आजचा टीव्ही आलेलं चित्र आधी अडवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो, रंग चढवतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना हा उशीर जाणवतही नाही, पण मारिओला कड्याच्या टोकावरून उडवायचं असतं तेव्हा तेवढ्यात खेळ आटोपतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड नावाची सोय असते, ती सुरू केली की ही बरीचशी सजावट बंद होते. मी ती सुरू केली आणि पाचव्या खेपेला अंगठा आपोआप चालू लागला. कुठल्या विटेत मशरूम आहे ते मला आठवत नव्हतं, अंगठ्याला आठवत होतं. मी विचार करायला लागले की चुकायची.

चित्राचीही तीच कथा. नव्या पडद्यावर सगळं ठोकळा-ठोकळा दिसतं आणि आपण म्हणतो, अरेरे, हे असलं बघत होतो आपण? आपण हे बघतच नव्हतो. नळीच्या टीव्हीत ठिपके शेजारच्या ठिपक्यात जरा सांडायचे आणि चित्रकारांनी ते सांडणं हिशेबात धरलेलं असायचं. १९९१ च्या सोनिक या खेळातला धबधबा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. नव्या पडद्यावर तिथे नुसते उभे पट्टे दिसतात. जुन्या टीव्हीच्या पिवळ्या पिनेतून आलेल्या चित्रात ते पट्टे एकमेकांत मिसळून पारदर्शक पाणी व्हायचं. एम्युलेटरमध्ये जुन्या पडद्याचा आभास देणारे फिल्टर असतात. सगळेच चांगले नसतात, पण एखादा लावून बघाच.

बंदुकीवर तर पाणीच सोडा. डक हंट या बदकं मारायच्या खेळात टीव्हीवर रोखायची बंदूक काहीच सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीत बसलेल्या प्रकाशाच्या सेन्सरला आधी अंधार आणि नंतर उजेड दिसला तर बदक पडतं. म्हणूनच बंदूक दिव्याकडे रोखून बदक मारायची आमची युक्ती कधी चालली नाही. दिवा काळा होत नाही ना. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा येतं, बंदूक ठरल्या क्षणी बघते, तिला काहीच दिसत नाही. नेम चुकला की हसणारा खेळातला कुत्रा मात्र वेळेवर हसतो.

आणि याच खेळाबद्दल मला आत्ता आत्ता कळलेली गोष्ट: एका बदकाच्या खेळात बंदूक एकाकडे असताना दुसऱ्याला रिमोटने ते बदक उडवता येतं! इतकी वर्षं मी शेजारी बसून माझी पाळी कधी येते याची वाट बघत होते. तेव्हा कळलं असतं तर दादाला एक बदक पाडू दिलं नसतं.

आता कॉन्ट्रा. एम्युलेटरमध्ये सेव्ह स्टेट असतं. हव्या त्या क्षणी खेळ गोठवायचा, मेलात की तिथूनच पुन्हा. मी दर वीस पावलांवर गोठवत गेले. आठही टप्पे एका बैठकीत झाले, शेवटचा तो धडधडणारा राक्षसी गोळा फुटला, आणि मला काहीही वाटलं नाही. लहानपणी तो आम्ही सगळा मिळून दोनदा संपवला असेल, आणि दोन्ही वेळा घर डोक्यावर घेतलं होतं.

बराच विचार केल्यावर मला त्याचं कारण असं वाटतं. हे खेळ मुळात चिमुकले होते. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा. आज फोनवर काढलेला साधा फोटो त्याच्या कितीतरी पट असतो. यंत्राची कामाची स्मृती २ किलोबाइट, म्हणजे माझ्या या उत्तराची पहिली काही वाक्यंच तिच्यात मावली असती. जागा वाचवायला मारिओतल्या ढगाचीच आकृती हिरवी रंगवून झुडूप केलंय. हे एकदा कळलं की पुन्हा झुडूप म्हणून दिसतच नाही. तरबेज लोक तो खेळ पाच मिनिटांच्या आत संपवतात. मग एवढासा खेळ वर्षभर पुरवायचा कसा? मेलं की मागे पाठवून. त्यामुळे पहिला टप्पा शंभर वेळा, तिसरा तीस वेळा आणि शेवटचा कधीतरीच नशिबी. ती शंभर वेळची उजळणी हाच खेळ होता. मी सेव्ह स्टेटने नेमकी तीच काढून टाकली आणि उरलेला चोथा खाल्ला. नंतर आठवडाभर सेव्ह स्टेटशिवाय, तीन जीवांवर खेळले. तिसऱ्या टप्प्यातल्या धबधब्यापुढे फारशी गेले नाही, पण तळहाताला घाम मात्र आला.

(त्या धबधब्याचा एक जुना हिशेब आहे. तिथे पडदा वर सरकतो आणि जो खाली राहील तो मरतो. दादा सरसर वर चढायचा आणि मी प्रत्येक वेळी पडद्याच्या खालच्या कडेने स्वर्गवासी व्हायचे. "तू हळू आहेस" असं तो म्हणायचा. आज मी एकटीने चढून पाहिलं. मी हळू नाहीये.)

असे बरेच गैरसमज या निमित्ताने निकालात निघाले. पडद्यावर गर्दी झाली की गोळ्या आणि शत्रू लुकलुकायचे, तेव्हा दादा "मशीन तापलं" म्हणून ते बंद करून अर्धा तास विश्रांती द्यायचा. तापबिप काही नव्हतं. यंत्रातल्या चित्र काढणाऱ्या चिपला एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या काढता येतात. नववी आली तर कुणीतरी गाळावं लागतं. मग खेळ दर वेळी वेगळी आकृती गाळतो, म्हणजे निदान सगळ्या आळीपाळीने दिसतात. कॅसेटमध्ये फुंकर मारणं हाही तसाच प्रकार. फुंकरेने काही होत नाही, उलट तोंडातली वाफ धातूच्या पट्ट्यांवर बसून त्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसवली की संपर्क नीट होतो, श्रेय फुंकर घेते. हे सगळं कळूनही मी अजून फुंकते, त्याला इलाज नाही.

आणि कॅसेटवर छापलेले ते लाखो खेळ! आत मोजून सात-आठ. यादीत खाली जाल तसे तेच खेळ वेगळ्या नावांनी, फार तर दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे. एवढी उघड फसवणूक आणि आम्ही ती पानामागून पान पालथी घालायचो, न जाणो एखादा नवा निघेल.

टेट्रिसबद्दल फार लिहीत नाही, कारण तो जुना झालेलाच नाही. निन्टेंडोच्या त्या जुन्या यंत्रावरच्या टेट्रिसचा २९ वा टप्पा ही माणसाची हद्द असं वर्षानुवर्षं मानलं जायचं, तुकडे इतके भराभर पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या टप्प्यापर्यंत नेऊन तो खेळच गोठवला. म्हणजे प्रोग्रामनेच हात टेकले. एकट्याने काही खेळायचं असेल तर इथूनच सुरुवात करा.

एम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही, पण खेळांच्या फाइलींवर कंपन्यांचा हक्क असतो, तेव्हा विकत मिळतंय ते विकत घ्या. निन्टेंडोने २०१६ मध्ये ३० खेळ आत भरलेलं छोटं यंत्र काढलं होतं, कॉन्ट्राचा संग्रह २०१९ मध्ये आला. अडचण एवढीच, की सगळं मिळत नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात नाहीत. मग लोक माळे शोधतात.

माझाही शेवटी माळाच कामी आला. अडॅप्टर बदलल्यावर यंत्र सुरू झालं. एका मैत्रिणीकडे नळीचा टीव्ही टाकून द्यायच्या वाटेवर होता, तो उचलून आणला. आणि त्यावर लावली बॅटल सिटी, १९८५ चा तो रणगाड्यांचा खेळ. विटांच्या आडोशाला आपला गरुड, वरून एकामागून एक वीस शत्रू, असे पस्तीस टप्पे. एकटीने खेळायला घेतला तर चौथ्या टप्प्यावर जांभया. हा खेळ एकट्याचा नाहीच. त्यात आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, लुकलुकत जागच्या जागी गोठतो. दादाची गोळी मला रोज लागायची आणि तो रोज "चुकून" म्हणायचा.

दिवाणखान्यात ते जुनं धूड बघून दादा आधी हसला, मग बूट न काढताच खाली बसला आणि पहिल्या रिमोटकडे हात नेला. तो रिमोट मी आधीच मांडीवर घेतला होता. काही न बोलता त्याने दुसरा उचलला. दुसऱ्याच टप्प्यात माझा रणगाडा लुकलुकायला लागला.

"चुकून," तो म्हणाला.

मी स्टार्ट दाबलं, पडदा थांबला, आणि निवांत पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा तो रिमोट उलटापालटा करून बघत होता.

"अगं, याला बटणच नाहीये," तो म्हणाला.