आवृत्ती इम्पोर्टच्या ओळीतच मागू द्या

तुम्ही एका सी लायब्ररीची नोडसाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बाइंडिंग्ज, म्हणजे ती लायब्ररी जावास्क्रिप्टमधून वापरू देणारा जोडकोड, करताय, तिच्या दोन आवृत्त्या लोकांच्या मशीनवर एकत्र नांदतात, आणि ग्लोबल ऑब्जेक्ट द्यावा की वेगळं लोड फंक्शन, असं विचारताय. माझं मत: दोन्ही नको.

जीनोम या लिनक्स डेस्कटॉपचं जीजेएस, म्हणजे त्याच्या सी लायब्ररींची जावास्क्रिप्ट बाइंडिंग्ज, या वाटेने आधीच गेलंय. तिथे पूर्वी सगळं 'इम्पोर्ट्स' नावाच्या ग्लोबलमधून यायचं. त्यातल्या 'जीआय'पुढे टिंब देऊन जीटीके (खिडक्या-बटणांची लायब्ररी) लिहिलं की लायब्ररी हजर! लिहायला झकास. पण आवृत्ती हवी तर 'व्हर्जन्स' ऑब्जेक्टमध्ये ती आधी नोंदवायची, तीही पहिल्या वापरापूर्वी. ती ओळ राहिली, की मशीनवरची सर्वात नवी आवृत्ती लोड होणार. म्हणजे कुणी जीटीके ४ टाकलं की ३ वर बेतलेलं ॲप कोसळलं, कोडमधलं एक अक्षर न बदलता.

२०२१ मध्ये जीनोम ४० सोबत जीजेएसमध्ये ईएस मॉड्यूल, म्हणजे जावास्क्रिप्टची प्रमाणित इम्पोर्ट पद्धत, आले. त्यात स्टॅटिक इम्पोर्ट फाइलमधल्या बाकी कोडच्या आधीच उरकतात, त्यामुळे 'आधी नोंदवा, मग मागवा' हे जमेना. मग आवृत्ती थेट इम्पोर्टच्या पत्त्यात गेली: 'जीआय' ही स्कीम, पुढे लायब्ररीचं नाव, प्रश्नचिन्हानंतर व्हर्जन. एका प्रोसेसमध्ये एकच आवृत्ती चालते. दुसऱ्या फाइलने वेगळी मागितली तर तिथेच एरर. हे कडक वाटेल, पण मला हेच हवं असतं.

याची किंमत एकच: जीटीके डिफॉल्ट एक्स्पोर्ट म्हणून, म्हणजे एकाच अखंड ऑब्जेक्टच्या रूपात येतं, महिरपी कंसात 'बटन' थेट मागता येत नाही. नेमड एक्स्पोर्टना (प्रत्येक गोष्ट तिच्या नावाने वेगळी देणं) नावांची यादी आधीच लागते, आणि जीजेएस शेकडो क्लास हात लागेल तसेच तयार करतं. तुमची फंक्शन्स वीस-तीसच असतील तर मात्र खुशाल नेमड द्या. एडिटरही नावं सुचवेल.

नोडमध्ये स्वतःची स्कीम काढायच्या फंदात पडू नका. त्यासाठी लोडर हुक (नोडची मॉड्यूल शोधायची पद्धत बदलणारा कोड) लागतात, आणि ॲप चालवताना वापरणाऱ्याला जादा फ्लॅग द्यायला लावणं म्हणजे शिक्षाच. पॅकेज-जेसन या पॅकेजच्या माहिती-फाइलमधल्या 'एक्स्पोर्ट्स'मध्ये दोन सबपाथ ठेवा, नावापुढे स्लॅश देऊन 'व्ही३' आणि 'व्ही४'. नेटिव्ह (कंपाइल केलेली) फाइल आतून नोडच्या 'क्रिएट-रिक्वायर' फंक्शनने उचला, बाहेर दिसूही देऊ नका. आवृत्ती चालतानाच ठरत असेल, तर डायनॅमिक इम्पोर्ट आहेच.