दोन अक्षरांचे पावणेदोन कोटी

प्रश्न : ताई, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात ‘व्हेंचर कॅपिटल’ (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन केलेली गुंतवणूक) हा ऐच्छिक विषय घ्यावा का? मला कोर्टातच उभं राहायचंय, आणि आकडे दिसले की पोटात गोळा येतो. मैत्रिणी म्हणतात, हा विषय कॉर्पोरेटमध्ये जाणाऱ्यांचा. – एक विद्यार्थिनी

उत्तर : घे. कोर्टात जायचंय म्हणून तर नक्कीच घे.

आधी आकड्यांचं बघू. इथलं गणित शाळेतल्या टक्केवारीच्या फारसं पुढे जात नाही. समज, गुंतवणूकदाराने ५ कोटी घालून २५ टक्के हिस्सा घेतला आणि कंपनी १२ कोटींना विकली गेली. करारात लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे विक्रीच्या पैशांतून आधी आपले पैसे उचलण्याचा हक्क, एकपट आणि ‘नॉन-पार्टिसिपेटिंग’ असेल, तर त्याला दोहोंपैकी एकच घेता येतं : घातलेले ५ कोटी, किंवा २५ टक्क्यांचे ३ कोटी. तो अर्थातच ५ घेतो, बाकीच्यांना ७ उरतात. आता त्यातला ‘नॉन’ खोड. तो आधी ५ कोटी उचलतो, वर उरलेल्या ७ कोटींतही २५ टक्के घेतो. झाले पावणेसात. दोन अक्षरं गेली आणि बाकीच्यांचे पावणेदोन कोटी गेले.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे अशीच एक टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद, तपासायला आली होती. मी कलम तीनदा वाचलं, भाषेत खोट दिसली नाही, ‘ठीक आहे’ असा शेरा मारला. माझ्या सीनियर काही बोलल्या नाहीत. कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “रकाने आख. विक्रीची किंमत ५, १२, २०, ४०. कोणाला किती, ते भर.” १२ च्या ओळीत माझी पेन्सिल थांबली. तेव्हापासून असं कलम मी तक्ता मांडल्याशिवाय वाचत नाही.

आणि हे वाद कोर्टात येतात! अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कोर्टाचा ‘ट्राडोस’ प्रकरणातला २०१३ चा निकाल काढून वाच. कंपनी ६ कोटी डॉलरना विकली गेली. पैसे व्यवस्थापकांना आणि प्रेफर्ड (पैशांवर पहिला हक्क असलेल्या) शेअरवाल्यांना मिळाले, कॉमन म्हणजे साध्या शेअरवाल्यांच्या हाती शून्य. संचालकांनी कॉमनवाल्यांचं हित नीट पाहिलं नाही, हे कोर्टाने मान्य केलं. तरीही, त्या शेअरना विक्रीआधीच काही किंमत उरली नव्हती, म्हणून व्यवहार न्याय्य ठरवला. सगळा खटला त्या शून्यावर फिरला. तक्ता न येणाऱ्या वकिलाने तिथे उलटतपासणी काय घ्यावी?

गुंतवणूकदार ज्या फंडातून पैसे घालतो, त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते, हेही वर्गात कळेल. गुंतवणूकदाराला विकायची घाई का होते, ते त्यातून उलगडतं.

नाव नोंदवण्याआधी शिक्षकांना एकच विचार : वर्गात टर्मशीटवर प्रत्यक्ष वाटाघाटी करायला लावतात का? लावत असतील तर संस्थापकांची बाजू मागून घे. पेन्सिल आणि कोरा कागद बरोबर ने.