अल्युमनी की अल्युमनाय?

दादा, तुम्ही विचारलंय की जळगावच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या फ्लेक्सवर पाहुण्यांच्या नावाखाली 'आमचे अल्युमनी' असं टाकलंय ते बरोबर का, अन् काही जण अल्युमनाय म्हणतात ते काय. तर एकटा माणूस असला की अलम्नस, एकटी बाई असली की अलम्ना, बाकी अल्युमनी म्हणा की अल्युमनाय, दोन्ही अनेकवचनंच, एका पाहुण्याला चालत नाहीत. आणि त्यातला 'ल्यु' आपला घरचा बरं का, इंग्रजीत 'अलम्नाय' म्हणतात.

खरी मजा पुढे आहे. लॅटिन मूळ उच्चाराने वाचलं तर पुरुषांचं किंवा मिक्स घोळक्याचं अनेकवचन 'अलुम्नी' अन् नुसत्या बायांचं 'अलुम्नाय', आणि इंग्रजांनी आपल्या पद्धतीने वाचलं तर बरोब्बर उलटं झालं, पुरुष अलम्नाय अन् बाया अलम्नी! त्यामुळे यावरून भांडणारे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, मी तर त्या वादात पडतच नाही.

मूळ धातू 'अलेरे', म्हणजे खाऊ घालणं, पोसणं. रोमन लोक दुसऱ्याचं पोर घरात वाढवायचे त्याला अलुम्नुस म्हणायचे, आपल्या अहिराणीत सांगायचं तर पोसेल पोऱ्या. शिष्य हा अर्थ त्यातूनच आला. 'आल्मा मातेर' पण तिथलंच, पोसणारी आई, धान्याची देवी सेरेस हिला 'आल्मा' म्हणायचे आणि इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ आजही 'आल्मा मातेर स्तुदिओरुम' असं नाव लावतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला शिकवायचे अन् तिथलं वसतिगृहही सांभाळायचे, त्या वसतिगृहातल्या पोरांना हा शब्द अगदी मूळ अर्थाने लागू पडतो, आपण आपलं फी भरली, परीक्षा दिली की झालो अलम्नस. अमेरिकेत तर डिग्री न घेता मधेच सोडून गेलेल्यालाही म्हणतात.

याच धातूचं अजून एक भावंडं कोर्टात भेटतं, अॅलिमनी, लॅटिनमधे त्याचा अर्थ पोषण, आपण पोटावरून पोटगी म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे विचार तोच.

अन् गेटवरच्या कमानीवर 'अल्युमनीज मीट' लिहिलंय म्हणता, तो 'ज' तेवढा काढायला सांगा त्या फ्लेक्सवाल्याले, नाहीतर सरळ 'माजी विद्यार्थी मेळावा' छापा ना भो.